तिसऱ्या रविवारी लाईन चालू

पुणे, १४ जानेवारी २००३

इस्माईल मामूंना शगुफ्ताचा सलाम.

रविवारच्या फोनवर दोन मिनिटांत सांगण्यासारखं हे काम नाही. माझ्यामागे हॉस्टेलच्या मुली रांग लावून मुद्दाम खोकत असतात. म्हणून पत्र. टेलिफोन खात्यातल्या माणसाला पोस्टाने पत्र पाठवताना मला फार मजा येते आहे.

माझ्या एम.ई.च्या प्रबंधाचा विषय एकदाचा मंजूर झाला. ऑप्टिकल फायबरच्या केबलचं काम कसं चालतं ते 'मार्कोव्ह साखळी' लावून तपासायचं. अम्मीने विषय ऐकला आणि गल्लीत सांगून आली की पोरगी साखळ्यांच्या कारखान्यात लागली. तुम्ही तिचे भाऊ असलात तरी खात्यातले आहात, तेव्हा तुम्ही तरी नीट समजून घ्या.

आपण सापशिडी खेळायचो ना? समजा सोंगटी सत्तावीसवर आहे. ती शिडी चढून आली की सापाच्या तोंडातून घसरून आली, याच्याशी फाशाला काही देणंघेणं नाही. पुढे कुठे जाणार हे आज कुठे आहे एवढ्यावरच ठरतं. मागचं सगळं विसरायचं. हीच मार्कोव्ह साखळी. आता सोंगटीच्या जागी भोर–वेल्हे केबल ठेवा. तिच्या तीन अवस्था: चांगली, अडखळती आणि बंद. आज चांगली असेल तर उद्या बंद पडण्याची शक्यता किती, बंद असेल तर उद्या सुरू होण्याची किती, हे वर्षभराच्या नोंदींतून काढायचं. ते आकडे हाती आले की केबल पुढे कशी वागेल ते आधीच सांगता येतं.

त्या नोंदी तुमच्याकडे आहेत. वेल्ह्याच्या लाईनचं रजिस्टर तुम्हीच लिहिता. साहेबांची परवानगी घेऊन २००२ ची नक्कल पाठवाल का? रोजची अवस्था काय होती ते मला हवंय. माझ्या गाईड घैसास मॅडम म्हणतात, खरी आकडेवारी आणलीस तर प्रबंध, नाहीतर निबंध. ३० एप्रिलला सादर करायचा आहे. तो हुकला तर वर्ष गेलं, आणि इथल्या कॉलेजने मला शिकवायला घेऊ म्हटलंय तेही गेलं.

तुमची,
शगुफ्ता


भोर, दि. २७ जानेवारी २००३

विषय : वेल्हे लाईनच्या रजिस्टरची नक्कल पाठविणेबाबत.
संदर्भ : आपले पत्र दि. १४ जानेवारी.

चि. शगुफ्ता हीस मामूची दुआ.

पस्तीस वर्षांच्या नोकरीत विषय आणि संदर्भ टाकल्याशिवाय हात चालेनासा झालाय, तेव्हा हसू नकोस. साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "त्या रजिस्टराकडं कुणीतरी बघतंय, हेच लई झालं." सोबत नक्कल जोडली आहे. झेरॉक्सवाल्याकडे चार दिवस वीज नव्हती म्हणून हातानेच उतरवून काढली, तीनशे पासष्ट ओळी. तारीख, अवस्था, तक्रार कुणाची, कशी आली, काय केलं, सगळे रकाने आहेत. ज्या दिवशी तक्रार नाही तो दिवस चांगला, हा खात्याचा रिवाज. ऑगस्टच्या पानावर मूळ रजिस्टरात चहा सांडलेला आहे. नक्कल हुबेहूब हवी म्हणून तो डागही मी पेन्सिलीने काढला आहे.

तुझी साखळी मी ऑफिसात सगळ्यांना समजावून सांगितली. मानसिंग वायरमन म्हणाला, "मागलं सगळं इसरायचं म्हंजी आमच्या मंडळीला ही लागू न्हाई." मला त्याचं म्हणणं पटलं. तुझी मामी होती तेव्हा तिला आमच्या लग्नात कुणाच्या ताटात बोटी कमी पडली ते शेवटपर्यंत पाठ होतं.

सापशिडीवरून एक गोष्ट कबूल करून टाकतो. अठ्ठ्याण्णववर साप होता. तू पाच वर्षांची असताना त्या घरावर आलीस की मी सापाच्या तोंडावर अंगठा ठेवून म्हणायचो, "हितं साप न्हाईच." मग तू जिंकायचीस. फाशाला मागचं आठवत नसेल. मला आठवायचं, की आधीचे दोन डाव तू हरली आहेस.

मी ३१ मे रोजी निवृत्त होतो. आजवर माझ्या कामावर एकही लाल शेरा नाही. जाता जाता माझं रजिस्टर प्रबंधात छापलं जाणार याचा मला आनंद झाला आहे, तो इथे नमूद करतो.

रविवारी फोन करत जा.

इस्माईल मामू


पुणे, २१ फेब्रुवारी २००३

मामूंना सलाम.

नक्कल मिळाली. चहाच्या डागावर बोट ठेवून मॅडमनी विचारलं, हा कोणत्या प्रकारचा बिघाड? मी म्हटलं, स्थानिक.

आकडे मांडले आणि पंचाईत झाली. बावन्न रविवारांपैकी चौदा रविवारी लाईन बंद, अकरा रविवारी अडखळती. आणि सोमवार ते शनिवार? तीनशे तेरा दिवसांत एकही बिघाड नाही. मामू, फायबर काचेचा असतो. काचेला रविवार कसा कळतो? मॅडम म्हणाल्या, "ही वही रोज भरलेली नाही. कुणीतरी आठवड्यातून एकदा बसून मनाने भरली आहे."

रागावू नका, पण तुम्ही आठवड्याचं एकदम भरता का? मीसुद्धा प्रॅक्टिकलची जर्नलं शेवटच्या रात्री भरून काढली आहेत, त्यामुळे मी काही म्हणणार नाही. फक्त मला खरं सांगा.

शगुफ्ता


भोर, दि. २६ फेब्रुवारी २००३

विषय : रजिस्टर रोजच्या रोज भरले जाते याबाबत.
संदर्भ : आपले पत्र दि. २१ फेब्रुवारी.

महोदया,

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर रजिस्टरात आदल्या दिवसाची नोंद दररोज सकाळी साडेनऊ वाजता केली जाते. निम्नस्वाक्षरीकाराने पस्तीस वर्षांत एकही नोंद पुढच्या दिवसावर ढकललेली नाही. काच रविवारी का बिघडते हा प्रश्न काचेस विचारावा.

कळावे.

आपला विश्वासू,
इ. म. आतार
लाईनमन, भोर

ता. क. : अम्मीबरोबर मेथीचे लाडू पाठवले आहेत. रोज एक खावा. आठवड्याचे एकदम खाऊ नयेत.


पुणे, २० मार्च २००३

मामू,

लाडू रोज एक खाल्ला. अंगठ्यावर शाई लावून सही करायला तयार आहे. माझं चुकलं. तुम्ही वही रोज भरता यावर माझा विश्वास आहे. त्यामुळेच आता मला जास्त भीती वाटते आहे.

मॅडमच्या ओळखीने वेल्ह्याच्या केबलची दुसरी नोंद हाती आली. केबलच्या टोकाला जे यंत्र असतं ते उजेड किती पोचला हे तासातासाला आपलं आपण लिहून ठेवतं. त्याची वर्षाची छापील भेंडोळी आली. मी ती तुमच्या रजिस्टरशेजारी अंथरून बसले.

तुमच्या 'बंद' असलेल्या चौदाही रविवारी यंत्र म्हणतं लाईन ठणठणीत आहे. उलट नोव्हेंबरात नसरापूरजवळ जेसीबीने केबल तोडली, तेव्हा दीड दिवस वेल्ह्यात एकही फोन लागत नव्हता. तुमच्या रजिस्टरात ते दोन्ही दिवस 'चांगली'. का, तर तक्रार नाही. मामू, फोनच बंद, तर तक्रार करणार कशाने?

पुढचं ऐका. 'बंद'ची प्रत्येक तक्रार सोमवारी सकाळी आली आहे. प्रत्येक वेळी तक्रारदार एकच: फुलाबाई, वेल्हे. आणि 'तक्रार कशी आली' या रकान्यात तुम्ही स्वतःच्या वळणदार अक्षरात चौदा वेळा लिहिलंय, 'त्याच फोनवरून'.

शेवटची गोष्ट तर साखळीच तोडते. सलग दोन रविवार लाईन बंद, असं वर्षात चार वेळा झालं. चारही वेळा तिसऱ्या रविवारी ती हमखास चांगली. एकदाही चुकलेली नाही. म्हणजे या लाईनला मागचं आठवतं. सलग दोनदा बंद पडले, आता पुरे, असं तिला कळतं. मॅडम म्हणाल्या, काचेला एवढी माया नसते, हे माणसाचं काम आहे.

आता माझी अडचण नीट समजून घ्या. तुमचं रजिस्टर वापरलं तर माझ्या नावावर खोटा प्रबंध. यंत्राची नोंद वापरली तर रजिस्टर का जुळत नाही ते लिहावं लागेल, आणि प्रबंधाची एक प्रत तुमच्या खात्याला जाते. ती मेमध्ये पोचेल. मेच्या शेवटी तुम्ही निवृत्त होताय. पस्तीस वर्षांत नव्हता तो लाल शेरा माझ्या हाताने येईल.

मामू, वेल्ह्यात दर रविवारी काय होतं?

शगुफ्ता


भोर, दि. २९ मार्च २००३

चि. शगुफ्ता,

या पत्राला विषय नाही.

फुलाबाईंचं वेल्ह्याच्या एसटी थांब्याजवळ चहा-किराण्याचं दुकान आहे. त्यात पिवळा फोन. एकुलता मुलगा सोमनाथ जामनगरला वेल्डर आहे. तो रविवारी संध्याकाळी फोन करतो. करतो म्हणजे करायला हवा. बाई दुपारपासून फोनशेजारी स्टूल टाकून बसतात आणि गिऱ्हाइकाला हात लावू देत नाहीत.

मागच्या वर्षी जानेवारीत एका सोमवारी त्यांचा मला फोन आला. "भाऊ, काल सोमनाथचा फोन न्हाई आला. पोरगं बरं आसंल ना?" त्यांचा आवाज असा होता की माझ्या तोंडून निघून गेलं, "आवो, येनार कसा? काल लाईनच बंद होती." त्या म्हणाल्या, "आसं व्हय!" आणि हसल्या.

आता तोंडातून गेलं ते रजिस्टरात यायला हवं, नाहीतर मी खोटा ठरलो असतो. म्हणून लिहिलं. लिहिलं म्हणजे पाहायला जाणं आलं. अकराची एसटी धरून गेलो, फोन फडक्याने पुसला, कानाला लावला, म्हटलं, "झालं." त्यांनी पिठलं-भाकरी वाढली. परत येऊन 'समक्ष पाहणी केली, लाईन चालू' असं लिहिलं. हे वाक्य मात्र चौदाही वेळा शंभर टक्के खरं आहे.

सोमनाथने फोन केला पण दोन मिनिटांत ठेवला, तर मी 'अडखळती' लिहितो.

तिसऱ्या रविवारचं म्हणशील तर त्यात काचेचा काही हात नाही. दोन रविवार कोरडे गेले की शनिवारी मी माझ्या घरच्या फोनवरून (खात्याच्या नव्हे) जामनगरला त्याच्या ठेकेदाराकडे फोन लावतो. म्हणतो, "सोमनाथ, तुझ्या आईची लाईन म्या दोनदा बंद ठेवली. तिसऱ्यांदा न्हाई ठेवनार."

तू यंत्राचीच नोंद वापर आणि खरं ते लिही. चौकशी लागली तर लागू दे. मला वाईट वाटेल, खोटं कशाला सांगू. निरोपाच्या दिवशी साहेब भाषणात 'निष्कलंक' म्हणणार होते, मी त्यांना तो शब्द लिहूनही दिला होता. पण तुझ्या खेळात आता मी सापावर अंगठा ठेवणार नाही. तू मोठी झालीस.

एवढंच कर, फुलाबाईंना कळू देऊ नकोस.

मामू


वेल्हे, ८ एप्रिल २००३

चि. शगुप्ता हिला फुलाबाईचा आशीर्वाद.

तू मला वळकत न्हाईस. इस्माईलभाऊ काल आले तवा तुजं पत्र हितं बाकड्यावर इसरून गेले. दुसऱ्याचं पत्र वाचू नये हे मला म्हाईत हाय. पर त्यात माजं नाव व्हतं, मंग ते आर्धं माजंच झालं.

ज्या फोनवरनं तक्रार केली त्योच फोन बंद कसा, आसं तू इचारलंस. पोरी, म्या चवथी शिकलेली हाय, पर येवढं मला पयल्याच सोमवारी कळलं व्हतं. रविवारी सकाळी बी आन् रातच्याला बी आमच्या फोनवरनं लोक नसरापूरला बोलत्यात, पुन्याला बोलत्यात. येकट्या सोमनाथलाच लाईन बंद, आसं कुठं आसतंय का?

मंग म्या तक्रार का करते? तुजी मामी गेल्यापासनं भाऊंच्या जेवनाचं लई हाल. पाव आन् च्या, च्या आन् पाव. म्या तक्रार न्हाई केली तर खातं त्यांना हिकडं कशाला धाडंल? सोमवारी दोन भाकरी पोटात जात्यात. पोरगं इसरतं त्याचं दुक्क मला हाय, न्हाई कशाला म्हनू. पर येकटीनं रडत बसन्यापरीस कुनाला तरी वाढलेलं बरं. त्यांना वाटतं म्या फसते. वाटू दे. फोन पुसताना लई खुश आसत्यात.

शनवारी ते सोमनाथला काय म्हनत्यात ते बी मला ठावं हाय. त्यो समदं सांगतो.

आता कामाचं. वहीत तक्रारदार म्हनून नाव माजं हाय. भाऊ म्हनले बंद व्हती, म्या म्हनले मंग माजी तक्रार बंद म्हनूनच लिवा. तक्रार म्या केली आन् त्यांनी लिवली. त्यात त्यांचं काय चुकलं? कुनी खोटं बोललं आसंल तर म्या. तुज्या सायबाला हिकडं धाड, च्या पाजते आन् सांगते.

भाऊंना ह्यातलं काय बोलू नगंस.

फुलाबाई


पुणे, १६ मे २००३

मामूंना सलाम, आणि पेढे अम्मीकडे.

प्रबंध वेळेत गेला, परवा तोंडी परीक्षा झाली, मी पास. आता तुम्ही जे वाचण्यासाठी श्वास रोखून बसला आहात ते सांगते. लाल शेरा नाही.

कुठून सुचलं ते विचारू नका. मी तुम्हाला 'लाईनचं रजिस्टर' मागितलं आणि तुम्ही पाठवलंत. साहेबांना फोन करून पहिल्या पानावर काय छापलंय ते वाचून दाखवायला सांगितलं. 'ग्राहकांच्या तक्रारींचे रजिस्टर.' मामू, तुम्ही चहाचा डाग पेन्सिलीने काढलात आणि मथळा उतरवायला विसरलात! त्या वहीत लाईन कशी होती हे लिहायचंच नसतं. ग्राहक काय म्हणाला ते लिहायचं. आणि ग्राहक प्रत्येक वेळी खरोखरच तसं म्हणाला होता. तुमची एकही ओळ खोटी नाही. वाचणारी चुकली.

मॅडमना मी सगळं सांगितलं. त्यांनी भेंडोळी आणि नक्कल शेजारी शेजारी ठेवली. मग म्हणाल्या, "दोन साखळ्या कर." तशा केल्या. पहिली यंत्राच्या नोंदीवरून, केबलची. ती अगदी गुणी निघाली, मागचं काही लक्षात ठेवत नाही. दुसरी एका डोंगरी गावातल्या एका ग्राहकाच्या तक्रारींची, गावाचं नाव न देता. या दुसऱ्या साखळीला मागचे दोन आठवडे आठवतात, असं सिद्ध केलंय.

बाहेरून आलेले परीक्षक तिथेच अडले. "केबल तीच, मग ही स्मरणशक्ती आली कुठून?" मी म्हटलं, "सर, केबलला नाही. लाईनमनला आहे." ते हसले. मग चष्मा काढून त्यांनी विचारलं, "आणि तो निवृत्त झाला की?"

मामू, अख्ख्या परीक्षेत एवढ्याच प्रश्नाचं उत्तर मला आलं नाही.

१६ जूनपासून मी शिकवायला लागते आहे.

शगुफ्ता


भोर, दि. ३० जून २००३

विषय : परीक्षकांच्या प्रलंबित प्रश्नाचे उत्तर.
संदर्भ : आपले पत्र दि. १६ मे.

चि. शगुफ्ता प्राध्यापिका हीस मामूची दुआ.

निरोप झाला. शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ. साहेब 'निष्कलंक' म्हणाले, दोनदा म्हणाले. मानसिंग रडला आणि मग म्हणाला की डोळ्यात कचरा गेला.

माझ्या जागी गेनू आला आहे. तरुण आहे, कामाचा आहे. पहिल्याच सोमवारी फुलाबाईंनी तक्रार केली तर तो म्हणाला, "आजी, तुमी ज्या फोनवरनं बोलताय त्यो चालू हाय." बरोबर आहे त्याचं. पण त्यापुढे काय बोलायचं असतं ते त्याला कुणी शिकवलेलं नाही. मग बाईंनी माझ्या घरी फोन केला. मी शंभर पानी वही आणली, पहिल्या पानावर आधी मथळा घातला, 'तक्रारींचे रजिस्टर (खाजगी)', आणि अकराची एसटी धरली. तुझ्या परीक्षकांना कळव: लाईनमन निवृत्त झाला आहे, साखळी चालू आहे.

आजही वेल्ह्याला जाऊन आलो. पाऊस चांगला आहे.

वहीत एक नवीन नोंद झाली आहे ती तुझ्या माहितीसाठी. दि. २२ आणि २९ जून, दोन्ही रविवार, पुण्याची लाईन बंद. पावसाचं पाणी केबलमध्ये शिरलं असणार, पुण्याकडे असं होतं. तुझी नोकरी नवी, त्यात तुझा काही दोष नाही. अम्मीलाही मी तसंच सांगितलं आहे. तक्रारदाराचा रकाना कोरा ठेवला आहे.

जेवत जा वेळेवर.

मामू


वेल्हे, १ जुलै २००३

शगुप्ता,

कार्डावर जागा कमी हाय म्हनून थोडक्यात लिवते.

काल इस्माईलभाऊ आले व्हते. म्हनले, पुन्याची लाईन दोन रविवार बंद हाय. म्या म्हनले, आसं व्हय! पिठलं वाढलं तर आर्धी भाकरी तशीच ठिवली.

तुजी लाईन म्या दोनदा बंद ठिवली. येता रविवार तिसरा हाय. तिसऱ्यांदा न्हाई ठिवनार.

फुलाबाई